गढीवरची हजेरी

गेल्या महिन्यात माझी नात एक कागद घेऊन माझ्यासमोर बसली. ऐकू न येणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलांना शिकवायची एक पदवी असते, ती तिला करायची आहे. कागदाच्या मधोमध उभी रेघ होती. डावीकडे दोन वर्षांची फी, वसतिगृह, खानावळ, जाण्यायेण्याचं भाडं. उजवीकडे पुढं मिळू शकणारा पगार, तोही कंत्राटी. उजवी बाजू लहान होती.

"आबा, परवडते का सांगा," ती म्हणाली. "तुमाले यातलं समजते. तुमी सोता जाणार होते ना मुंबईले? सरकारनंच नाई म्हटलं म्हणून राह्यलं."

मी तिला म्हटलं, दोन दिवस दे. त्याला महिना झाला.

सरकारनं नाही म्हटलं, हे वाक्य आमच्या घरात साठाहून जास्त वर्षं नांदत आहे. माझी बायको ते पाहुण्यांना सांगायची. निवृत्तीच्या समारंभात शाल घालताना एका माजी विद्यार्थ्यानं ते व्यासपीठावरून सांगितलं. मी मान खाली घालून बसलो होतो, लोकांना तो विनय वाटला. खरी गोष्ट अशी की सरकारनं हो म्हटलं होतं. नाही मी म्हटलं. आणि त्यामागं एक दुपार आहे, जी मी बायकोलाही कधी सांगितली नाही.

आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात तो मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. राज्य मध्यप्रदेश, राजधानी नागपूर, आणि शाळा जनपद सभेच्या, म्हणजे तालुक्याच्या बोर्डाच्या. मी बावीस वर्षांचा होतो. किन्हीराजाच्या अलीकडं एका लहान गावात माझी पहिली नेमणूक झाली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात.

शाळा म्हणजे एक लांब खोली आणि पुढं ओसरी. ती गढीला पाठ लावून उभी होती. गढी कधीकाळी कुणा जमीनदाराची असेल, पण माझ्या वेळी नुसता मातीचा उंच ढिगारा उरला होता. ती माती पांढरी, पिठासारखी. सगळं गाव घरांच्या भिंती त्याच मातीनं पोतारायचं. बाया टोपली आणि खुरपं घेऊन जायच्या, उतारात भोक पाडून आतली मऊ माती ओढून काढायच्या. पिढ्यान्‌पिढ्या काढून गढीला माणूस आत वाकून शिरेल एवढाली बिळं पडली होती. शाळेच्या मागच्या खिडकीतून ती दिसायची. सकाळी ती साधी बिळं वाटत. भर दुपारी मात्र पांढऱ्या उतारावर ती इतकी काळी दिसत की शिकवता शिकवता मी खिडकीकडं पाठ करून उभा राहायचो.

शाळेची जमीन सारवायला दर शनिवारी एक बाई यायची. नवरा वारलेला. तिच्यामागून तिची आठ वर्षांची मुलगी यायची, जन्मापासून बहिरी आणि म्हणून मुकी. गाव तिला मुकीच म्हणायचं. ती कधी आली ते मला कळायचं नाही, मान वर केली की दारात उभी असायची. माझं येणं मात्र तिला कळायचं. एकदा मी वहाणा हातात घेऊन, मागून, अनवाणी गेलो. दहा पावलांवर असतानाच ती वळली आणि आवाज न करता हसली.

घंटा म्हणून ओसरीला रुळाचा तुकडा टांगलेला होता. मी टोला दिला की ती धावत येऊन त्यावर तळहात ठेवायची. माझ्या कानांतला नाद संपायचा, पोरं वर्गात जाऊन बसायची, तरी तिचा हात तिथंच असायचा. तिच्या तळव्याला अजून काहीतरी लागत असायचं.

"गुरुजी, इले बी बसू द्या ना पोरायमंदी," एका शनिवारी तिची आई म्हणाली. "आयकू नाई येत, पाह्यते तं हाय."

"बसवून काय करू बाई? तिला काय समजणार?"

"अन् बाकीच्या पोरायले तुमचं सारंच समजते काय?" ती शेणाचा हात न थांबवता म्हणाली.

मी हसलो आणि मुलीचं नाव पटावर घातलं. ते दयेनं घातलं नव्हतं, हे आज लिहायला हवं. पट एकोणचाळीस होता. चाळीस झाला की शाळेला दुसरा शिक्षक मिळणार होता, म्हणजे मी हेडमास्तर आणि महिन्याला तीन रुपये भत्ता.

अडचण एकच होती. डिप्टीसाहेब तपासणीला आले की स्वतः हजेरी घ्यायचे. ज्या नावाला ओ येणार नाही त्या नावावर लाल रेघ. तेव्हा या मुलीच्या तोंडून एक शब्द निघणं भाग होतं.

एका जुन्या शिक्षण मासिकात मी वाचलं होतं की बहिऱ्या मुलाचा हात बोलणाऱ्याच्या गळ्यावर ठेवून त्याला आवाज शिकवता येतो. दुपारच्या सुट्टीत पोरं जेवायला घरी गेली की आम्ही बसायचो. आई ओसरीत, मुलगी माझ्यासमोर. तिच्या उजव्या हाताची बोटं माझ्या गळ्यावर, डाव्या हाताची तिच्या. मी म्हणायचो, हजर. तिच्या तोंडातून नुसता वारा यायचा. असे दोन महिने गेले. तिची बोटं थंड असायची, वैशाखातसुद्धा.

एका दुपारी तिच्या तोंडून माझा आवाज आला.

दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. तिनं कधी बाईचा, पोराचा, कुणाचाच आवाज ऐकलेला नव्हता. तिला ठाऊक होता तो फक्त माझ्या गळ्यातला कंप, आणि तो तिनं जशाच्या तसा उचलला होता. जाड, खालच्या पट्टीतला, चढ नाही, उतार नाही. हजर. आठ वर्षांच्या मुलीचे ओठ हलत होते आणि बोलत मी होतो.

आईनं ओसरीतून डोकं आत घातलं. "तुमी बोलले काय, गुरुजी?"

"नाही."

मुलीनं पुन्हा म्हटलं. बाई दाराची चौकट धरून उभी राहिली. "माय वं," ती हळूच म्हणाली, "हे तं बाप्याचा आवाज हाय." बराच वेळ ती लेकीजवळ गेली नाही. मग एकदम येऊन तिनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "असू द्या बाप्पा. आवाज तं हाय."

पोर नीट बोलायला लागेपर्यंत गावात कुणाला सांगायचं नाही असं तिनंच ठरवलं. "नजर लागन," म्हणाली. मलाही ते सोयीचं होतं. भर दुपारी तरुण मास्तर विधवेच्या पोरीला एकटीला शिकवतो, ही चर्चा मला नको होती.

मुलगी त्या शब्दाला चिकटली, पण आईनं ओठांवर बोट ठेवून बजावल्यामुळं फक्त आमच्या दोघांसमोर. माठाकडं बोट दाखवून हजर, कुत्रं अंगावर आलं की हजर, भूक लागली की हजर. प्रत्येक वेळी नीट म्हटलं की मी गुळाचा खडा द्यायचो. आई कौतुकानं सांगायची, "पाणी मांगून राह्यली, गुरुजी." पुष्कळ वर्षांनी मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं, तेव्हा कळलं की शिकलेला शिक्षक नेमकं उलटं करतो. आधी वस्तू, मग वस्तूला नाव असतं ही समज, आणि आवाज सगळ्यांत शेवटी. मी हजेरीपटाचा माणूस, मला सुचला तो हजेरीचा शब्द. जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी मी तिला तो एकच दिला.

थंडीत डिप्टीसाहेब आले. चाळिसाव्या नावाला त्यांनी मान वर केली, मी ठरल्याप्रमाणे गळ्याला बोट लावलं, आणि शब्द आला. साहेबांचा टाक थांबला. वर्गात मागं कोण मोठा माणूस बसलाय ते त्यांनी पाहिलं. पोरांना वाटलं, तिच्या नावाला मीच ओ दिली. मग पोरांना बाहेर सोडून, मुलीला जवळ बोलावून तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि तिसऱ्यांदा माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

चहा पिताना ते म्हणाले, "मुंबईला मूकबधिरांच्या शिक्षकांचा नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. आपल्या भागातून कोणी गेलेलं नाही. मी लिहितो. तुम्ही जाल?"

मी म्हटलं, विचार करतो.

बाई ओसरीच्या भिंतीआड उभी राहून ऐकत होती. साहेबांचा टांगा वळणाआड होताच पुढं आली. "गुरुजी, तुमी जाऊन या. नऊ महिने म्हन्जे काय, लेकरू पोटात राह्यते तेवढेच. मी वाट पाह्यतो. मंग आल्यावर इले 'माय' म्हनाले शिकवा. मले एक डाव आयकाचं हाय."

उन्हाळा लागता लागता पत्र आलं. प्रवेश मंजूर, अर्धी फी माफ, बिनपगारी रजा मंजूर. पंधरा दिवसांत होकार कळवायचा, तो घ्यायला डिप्टीसाहेब येणार होते. साहेब येणार म्हणून मी बाईला शाळेच्या भिंती पोतारायला सांगितल्या. वर हेही सांगितलं, "वरवरची माती नको, खडे असतात. आतली मऊ आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती मुलीला घेऊन गढीवर गेली. मला मागच्या खिडकीतून तिचं हिरवं लुगडं एका बिळात शिरताना दिसलं. मी पाठ वळवली आणि हिशेबाला बसलो.

तो कागद माझ्याकडं आहे. हजेरीपटाचं कोरं पान फाडून घेतलेलं, मधोमध उभी रेघ. एकीकडं 'गेल्यास'. उरलेली फी. नऊ महिन्यांची खानावळ. मोटरनं अकोला आणि पुढं गाडी, जाऊन येऊन दोनदा. बुडालेला पगार. घरी आईला पाठवायचे महिन्याचे पंधरा रुपये, ते कुणाकडून तरी उचलावे लागणार. नोकरी कायम व्हायची होती, ती मधे तुटणार. आणि परत आल्यावर? मुंबई वेगळं राज्य. तिथल्या प्रमाणपत्राला आमच्या जनपदेच्या पगारपत्रकात रकानाच नव्हता. मुंबईतच नोकरी धरली तर पगार दुप्पट, पण त्यातला बराचसा खोलीचं भाडं खाऊन टाकणार. दुसरीकडं 'राहिल्यास'. तिथं पगार, वार्षिक वाढ, आणि खाली लिहिलं होतं: पट चाळीस, हेडमास्तर भत्ता रुपये तीन. म्हणजे मुलगी माझ्या हिशेबात होती. जाण्याच्या नव्हे, राहण्याच्या बाजूला.

मी भागाकार करत होतो, तेव्हा ती दारात दिसली.

"हजर."

मी वर न बघता म्हटलं, हो. ती जवळ आली. धापा टाकत होती. तिनं माझ्या गळ्याला बोटं लावली. "हजर. हजर." मला वाटलं, गूळ मागते. मी टेबलाच्या खणातून खडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं मूठ मिटली नाही. खडा खाली पडला. गूळ तिनं कधी पडू दिला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी पुढं लिहू लागलो.

ती गेली, आणि थोड्या वेळानं परत आली. या वेळी तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. तिनं उजवा हात सरळ माझ्या कागदावर आपटला. "हजर." मी संतापलो. गढीवर मातीत खेळून आली असं वाटलं. तिचा हात ढकलून मी ओरडलो, "कागद खराब केलास!" ऐकू तर येत नव्हतं, पण तिनं माझा चेहरा पाहिला. ती वळली. या वेळी धावली नाही, चालत गेली.

मी कागदावर फुंकर मारली आणि हिशेब पुरा केला. उत्तर आलं, सात वर्षं. आज गेलो तर झालेला खर्च सातव्या वर्षी भरून निघणार. मग हात मोकळा होता म्हणून दुपारचा हजेरीपट ओढला, आणि पोरं यायच्या आतच सगळ्यांच्या नावापुढं खुणा करून टाकल्या. चाळीस.

उन्हं कलली तेव्हा कोतवाल ओसरीत आला. "गुरुजी, बाई अठूनच गढीवर गेली व्हती काय?"

मला तेव्हा कळलं. त्यानं पुढं काही सांगायच्या आधी कळलं.

बिळाचं छत बसलं होतं. मी पोहोचलो तेव्हा लोकांनी बाईला बाहेर काढून उतारावर निजवलं होतं. तिच्या केसांपासून पायांपर्यंत सगळं एकाच रंगाचं झालं होतं, डोळ्यांसकट. मुलगी बाजूला बसून अजून दोन्ही हातांनी माती उकरत होती. तिथं आता उकरण्यासारखं काही नव्हतं.

"आंग गरमच व्हतं, गुरुजी," कोतवाल मला हळू आवाजात सांगत होता. "हात वरतं केलेला, बोटं भाइर. लय वेळ जित्ती असन. चार मानसं येळेवर आले असते तं..." त्यानं मुलीकडं पाहिलं. "मुकी बिचारी. सांगन कोनाले?"

सगळे तेच म्हणत होते. मुकी बिचारी. मुलीनं उकरणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. आणि मीही म्हणालो, "हो. मुकी बिचारी."

या लिखाणात एवढं एक वाक्य लिहायचं होतं. ते झालं. बाकी त्याच्या मागून आलेलं आहे.

मामा धनजहून येईपर्यंत मुलगी शेजाऱ्यांकडं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेच्या दारात आली आणि मला म्हणाली, हजर. तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत मी शाळेला कुलूप लावून माझ्या खोलीवर जाऊ लागलो.

आठवडाभरात गावात बोलणं सुरू झालं. गुराखी गढीखालून जनावरं नेईनात. बायांनी मातीला जाणं सोडलं. कोतवालानं मला पारावर गाठलं.

"गढीत बाप्या बोलते, गुरुजी. भर दुपारी. हजर म्हन्ते. एक डाव नाई, घडीघडी."

पारावरचा एक म्हातारा तंबाखू चोळत म्हणाला, "जमीनदार वेठीची हजेरी घेऊन राह्यला असन. काय रे, तुयं नाव आलं काय?"

सगळे हसले. गढीकडं मात्र कुणी बघितलं नाही.

"आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"काय सांगू बाप्पा," कोतवाल म्हणाला, "तुमच्यासारखाच." आणि बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

मी तो ऐकला. खोलीचं दार लावून, पोथीसारखा मासिकाचा अंक डोळ्यांसमोर धरून बसलेलो असताना ऐकला. ऊन इतकं की बाहेर पाखरू नव्हतं, आणि गढीवरून माझा आवाज येत होता. हाक नव्हती ती. रडणंही नव्हतं. वर्गात सांगावं तसं, सपाट. एकदा मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. ती त्या बसलेल्या बिळावर पालथी पडली होती. रुळाच्या तुकड्यावर ठेवायची तसे दोन्ही तळहात मातीवर ठेवलेले. शब्द म्हणायची, आणि मग हात न हलवता वाट पाहायची.

गावानं गढीच्या पायथ्याशी नारळ फोडला, लिंबू कापलं. आणि घराघरांतून पोरांना ताकीद गेली की तो शब्द तोंडातून काढायचा नाही.

सोमवारी मी हजेरी घ्यायला लागलो. पहिलं नाव घेतलं. एक हात वर आला. दुसरं नाव, दुसरा हात. कुणी तोंड उघडेना. "बोला," मी म्हटलं. एक लहानशी पोरगी रडायला लागली. मग मी नुसती नावं वाचत गेलो आणि हात वर येत गेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्या तोंडावर. मी एकटाच बोलत होतो. त्या दिवसानंतर रोज असंच.

मी गावाला सांगू शकत होतो की गढीत दुसरं कुणी नाही, मुकीच आहे. मग त्यांनी विचारलं असतं, ती बोलते? कधीपासून? कुणी शिकवलं? आणि कुणीतरी, बहुधा त्या तंबाखूवाल्या म्हाताऱ्यानं, विचारलं असतं की मग त्या दुपारी ती तुमच्याकडं आली नाही का, गुरुजी? गावातल्या चाळीस घरांनी भ्यावं आणि एका पोरीनं मातीशी बोलत राहावं, हे मला त्या एका प्रश्नापेक्षा सोपं गेलं.

डिप्टीसाहेब आले. त्यांनी हजेरी घेतली. हात वर येत गेले.

"काय हो गुरुजी, सगळीच शाळा मुकी करून ठेवली?" ते हसले. वर्गात कुणी हसलं नाही.

चाळिसावं नाव मी अजून कापलं नव्हतं. साहेबांनी ते वाचलं. कोणताच हात वर आला नाही. ते मान वर करणार, तेवढ्यात मागच्या खिडकीतून आवाज आला.

"हजर."

पोरं एकमेकांना बिलगली. साहेबांची नजर पटावर होती. ती त्यांनी उचलून माझ्याकडं वळवली. खिडकी माझ्या पाठीमागं होती. त्यांना वाटलं, मीच बोललो.

"गुरुजी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आलेली नसेल तर तिच्या वतीनं तुम्ही सांगू नका."

"चुकलो," मी म्हणालो.

मग मी त्यांना पत्र दिलं. घरगुती अडचणीमुळे जाऊ शकत नाही, क्षमस्व. त्यांनी ते दोनदा वाचलं. मुलीबद्दल विचारलं. मी सांगितलं की आई वारली, ती मामाकडं गेली. ती तेव्हा आमच्यापासून शंभर पावलांवर होती. साहेबांनी पटावरचं नाव तसंच राहू दिलं. नंतर पोरीची शेजारीण विचारायला आली की गुरुजी, तुमी मुंबईले जानार व्हते ना, बाई लय सांगे. तिला मी म्हणालो, सरकारनं नाही म्हटलं. पहिल्यांदा ते तिथं म्हटलं.

मामा बैलगाडी घेऊन आला. निघताना मुलीनं गाडीतून उतरून ओसरीतल्या रुळावर तळहात ठेवला. टोला दिलेला नव्हता. ती ठेवून उभी राहिली, मामानं उचलून नेईपर्यंत. त्यानंतर गढीवरून आवाज आला नाही. गावाला वाटलं, नारळाचा गुण. पोरं मात्र माझ्या बदलीपर्यंत हातच वर करत राहिली.

दुसरा शिक्षक आला. तीन रुपये मला मिळू लागले. सातवं वर्ष कधी आलं ते मला बरोबर आठवतं. तेव्हा मी दुसऱ्या गावी होतो, लग्न झालेलं, नोकरी कायम. त्या वर्षभर दुपारी जेवण गेलं नाही.

धनजला मी गेलो तो निवृत्त झाल्यावर, शालीची घडी अजून मोडलेली नसताना. मामा केव्हाच वारला होता. मामेभावाच्या सुनेनं मला अंगणात बाज टाकून दिली. "आत्याबाईले तुमी येनार हे पयलेच समजलं वाटते," ती म्हणाली. "मघापासून दारातच उभी हाय."

केस पिकलेली एक बाई माझ्याकडं बघत होती. सून चहा ठेवायला आत गेली. ती जवळ आली, खाली बसली, आणि उजव्या हाताची बोटं माझ्या गळ्यावर ठेवून थांबली. बोटं थंड होती.

मी सगळं सांगितलं. पत्र, कागद, हिरवं लुगडं, गूळ, ढकललेला हात. तिच्या तोंडाकडं बघत, सावकाश. तिला कंप लागत होता. आवाज फुटला की बोटं थोडी दाबायची, सुरळीत झाला की सैल सोडायची. शेवटी मी म्हणालो की ती सांगायला आली होती, तिनं दोनदा सांगितलं होतं. तिनं थोडी वाट पाहिली. मग तिचे ओठ हलले.

"हजर."

माझा आवाज आता घोगरा, फाटका आहे, तेव्हाही झाला होता. तिच्या तोंडून आला तो बावीस वर्षांच्या मास्तरचा, ठणठणीत. तो मी पुरता विसरलो होतो.

सुनेनं चुलीपासून मान काढून विचारलं, "तुमी बोलले काय, गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो. "त्या बोलल्या."

ती पदर तोंडाला लावून हसली. "कायले थट्टा करता बाप्पा. आत्याबाई तं मुक्या हायत."

मी पुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला डोलवावी तशी, आणि चहा गाळायला लागली. आत्याबाईंची बोटं अजून माझ्या गळ्यावर होती.

नातीच्या कागदाखाली मी माझा कागद ठेवला आहे. रेघ तशीच, मधोमध. 'राहिल्यास'च्या बाजूला पाच बोटं उमटलेली आहेत, लहान, पांढरी. फुंकरीनं गेली नाहीत. उद्या नात आली की दोन्ही कागद तिच्या हातात देईन, आणि हे लिहिलेलंही. हिशेब तिनं करायचा. तिला मी एवढंच सांगणार आहे की तिकडं गेल्यावर पहिल्याच दिवशी विचारून घे, पोरीला 'माय' म्हणायला कसं शिकवतात.